नानांचे पित्त आणि बिलरॉथची वाट

दिवाळीच्या आधी घर रंगवायला काढले, की घराच्या पोटातल्या वस्तू आपोआप बाहेर येतात. रावेरच्या आमच्या जुन्या धाब्याच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तीत शेताचे उतारे, केळीच्या वाघिणी दिल्लीकडे रवाना झाल्याच्या रेल्वेच्या पावत्या आणि लग्नपत्रिका असा सारा ऐवज होता. त्या पसाऱ्यात एक पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद मिळाला. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातून नानांना घरी सोडताना दिलेला. साल १९६१. डॉक्टरी अक्षरातल्या पाचसहा ओळी. त्यांतली एक मोठ्या प्रयासाने लागली : 'पार्शल गॅस्ट्रेक्टमी, बिलरॉथ टू.'

नाना म्हणजे माझे थोरले काका. त्यांच्या पोटाचे ऑपरेशन झाले होते हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक होते, कारण छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंतचा तो वळ ते मळ्यात अंगरखा काढून बसले की सर्वांना दिसे. पण हा बिलरॉथ कोण, आणि त्याच्यापुढचा 'दोन' कशाचा, हे कोणी कधी विचारले नाही. नाना १९८८ साली गेले. पोटाच्या कर्करोगाने गेले. ऑपरेशन अल्सरचे आणि मृत्यू कर्करोगाचा. मधे सत्तावीस वर्षे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते. तो कागद हाती आल्यावर मी या बिलरॉथच्या मागे लागलो, आणि जे हाती आले ते येथे मांडतो आहे.

गोष्ट व्हिएन्ना शहरापासून सुरू करावी लागते. थिओडोर बिलरॉथ हा तेथील विद्यापीठात शस्त्रक्रियेचा अध्यापक. संगीताचा मोठा दर्दी. ब्राम्स हा नामवंत संगीतकार त्याचा मित्र, आणि ब्राम्सने आपल्या दोन रचना १८७३ साली त्याला अर्पण केलेल्या आहेत. त्या काळी जठर कापणे म्हणजे रोग्याला मारणे, असाच समज होता. १८७९ साली पॅरिसमध्ये पेआँ याने तो प्रयोग करून पाहिला. रोगी पाचव्या दिवशी गेला. १८८० साली कुल्म गावच्या रिडिगियर या पोलिश डॉक्टरने केला. रोगी बारा तासांत गेला. मग २९ जानेवारी १८८१ रोजी बिलरॉथने त्रेचाळीस वर्षांच्या तेरेझे हेलर नावाच्या बाईचे पोट उघडले. तिच्या जठराच्या खालच्या तोंडाशी कर्करोगाची गाठ होती, आंबट दुधाखेरीज पोटात काही टिकत नव्हते. बिलरॉथने गाठीचा भाग कापून काढला आणि उरलेले जठर पुन्हा आतड्याच्या सुरुवातीशी, म्हणजे ग्रहणीशी, रेशमी टाक्यांनी जोडले. बाई उठली, जेवू लागली, घरी गेली. चार महिन्यांनी रोग उलटून ती वारली. पण जठराचा भाग कापूनही माणूस जगतो हे जगाला कळले. तिच्या जठराचा तो तुकडा व्हिएन्नामध्ये आजही जपून ठेवलेला आहे.

ही झाली बिलरॉथची पहिली वाट. अन्नाचा पूर्वीचाच मार्ग, फक्त थोडा आखूड केलेला.

दुसरी वाट निघाली ती १८८५ च्या जानेवारीत, आणि निघाली ती निरुपायाने. समोर एक खंगलेला रोगी होता, गाठ मोठी होती. एवढे कापणे त्याला झेपणार नाही म्हणून बिलरॉथने आधी नुसती आडवाट काढली : लहान आतड्याचा पुढचा वळसा वर ओढून जठराला जोडला. तेवढ्यावर थांबायचे ठरले होते. पण रोगी बरा तग धरून आहे असे दिसले, तेव्हा त्याने गाठही काढली आणि ग्रहणीचे उघडे तोंड शिवून बंद केले. अन्न आता ग्रहणीतून जाईना. जठरातून थेट पुढच्या आतड्यात उतरू लागले. हीच 'बिलरॉथ दोन'. अडलेल्या वेळी सुचलेली युक्ती पुढे शिरस्ता होऊन बसली. बुडापेस्टच्या पोल्या याने १९११ साली तिच्यात फेरफार केला, आणि त्या रूपात ती जगभर पसरली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बिलरॉथने या दोन्ही वाटा काढल्या त्या कर्करोगाने मरू घातलेल्या माणसांसाठी. त्यांना आणखी चार महिने, आणखी एक वर्ष मिळाले तरी पुष्कळ. या नव्या जोडणीने वीस वर्षांनंतर जठराचे काय होईल, हा प्रश्न त्याच्यापुढे येण्याचे कारणच नव्हते. पण रिडिगियरने त्याच १८८१ सालच्या नोव्हेंबरात हे ऑपरेशन अल्सरसाठी केले आणि रोगी वाचला. त्याची हकीकत छापताना जर्मन नियतकालिकाच्या संपादकाने, हे अशा तऱ्हेचे पहिले ऑपरेशन आहे आणि ते शेवटचेही ठरो, अशा अर्थाचा शेरा मारला. शेरा फुकट गेला. १९१० साली झाग्रेबच्या श्वार्त्स याने आम्ल नाही तर अल्सर नाही, असा सिद्धान्त मांडला. आम्ल पाझरते जठरात; तेव्हा जठराचा मोठा भाग काढून टाका म्हणजे अल्सरचे मूळच गेले, हा हिशेब सर्वांना पटला. मरणाऱ्यासाठी काढलेली वाट तिशीतल्या धडधाकट माणसांसाठी खुली झाली. त्यांच्यापुढे चाळीस वर्षांचे आयुष्य पडले होते.

त्या डॉक्टरांना नावे ठेवणे सोपे आहे; मला ते करायचे नाही. त्या काळचा अल्सर म्हणजे आजचे पोटात जळजळणे नव्हे. अल्सर फुटला की माणूस दोन दिवसांत जाई, रक्ताच्या उलटीने जाई. आपल्या देशात तर दक्षिणेला या रोगाने कहर केला होता. त्रावणकोरातल्या नेय्यूर गावी हॉवर्ड सॉमरव्हेल नावाचे इंग्रज सर्जन होते. हे तेच, जे १९२२ आणि १९२४ सालच्या एव्हरेस्ट मोहिमांत होते आणि प्राणवायूचे नळकांडे न घेता अठ्ठावीस हजार फुटांच्या आसपास जाऊन आले. १९२२ ची मोहीम संपल्यावर हिंदुस्थान पाहत फिरताना ते नेय्यूरच्या मिशन इस्पितळात पोहोचले. रोग्यांची रीघ लागलेली आणि सर्जन एकच, हे पाहून लंडनची चालून आलेली कारकीर्द सोडून ते तेथेच राहिले. पुढे त्यांनी तेथे अल्सरची ऑपरेशने केली ती हजारांच्या संख्येने. बहुतेक आतड्याचा वळसा जठराला जोडण्याची. पुढे म्हैसूरच्या मिशन इस्पितळातले फ्रँक टोव्ही यांनी देशभरची माहिती जमवून दाखवले, की भात खाणाऱ्या दक्षिणेत हा रोग फार आणि गहू खाणाऱ्या पंजाबात कमी.

आमच्या खानदेशात मात्र सारा दोष मिरचीच्या माथी. नानांचे पोट दुखू लागले तेव्हा आजीने घरातली शेवभाजी बंद केली, भरताला हिरवी मिरची लावणे बंद केले. कोणी मोरावळा दिला, कोणी कच्च्या केळ्याचे पीठ दिले. (केळीच्या गावात केळीचे औषध निघणारच, पण ही निव्वळ बाजारगप्प नाही. १९६० च्या सुमारास सन्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळ्याच्या भुकटीने जनावरांच्या पोटातले व्रण आटोक्यात राहतात असे दाखवले होते, आणि १९८४ साली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये तसाच निष्कर्ष निघाला. मात्र केळे कच्चे हवे. पिकलेल्याचा उपयोग झाला नाही.) नानांना कशानेच उतार पडला नाही. एके रात्री काळी शौच झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि वडिलांनी त्यांना पॅसेंजरने भुसावळला व तेथून मुंबईला नेले. वय चौतीस.

ऑपरेशनने नाना बरे झाले यात संशय नाही. ओट्यावर बसून ते मित्रांना सांगत, "पोट आता लोखंडाचं झालं, भो!" मिरचीचा ठेचा पुन्हा ताटात आला. एकच गोष्ट त्यांना साधत नसे, ती गोड खाणे. दिवाळीच्या फराळात एक करंजी आणि अर्धा लाडू खाल्ला, की अर्ध्या तासात कपाळावर घाम येई, छाती धडधडे, आणि ते माजघरात जाऊन आडवे होत. आम्हां मुलांना वाटे, नानांना दिवाळी मानवत नाही. खरे कारण आता कळते. जठराच्या खालच्या तोंडाशी एक दार असते; ते अन्न थोडे थोडे पुढे सोडते. बिलरॉथच्या वाटेत ते दार कापून गेलेले असते. गोड घास एकदम आतड्यात कोसळतो, अंगातले पाणी तिकडे ओढले जाते आणि माणसाला भोवळ येते.

पण ते दार दुहेरी कामाचे असते. ते अन्न जसे हळू सोडते, तसे खालचे काही वर येऊ देत नाही. आणि खाली असते पित्त.

या ठिकाणी आपल्या मराठी भाषेने नानांचा घात केला, असे मला वाटते. घशाशी आंबट आले की आपण म्हणतो पित्त झाले. डोके दुखले, पित्त. अंगावर गांध्या उठल्या, पित्त. माधवनिदानासारख्या जुन्या ग्रंथात अम्लपित्ताचे वेगळे प्रकरण आहे. आयुर्वेदातले पित्त ही फार व्यापक कल्पना आहे आणि तिचा मान वेगळा. पण आपण घरी ज्याला पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातले आम्ल असते. खरे पित्त, यकृतात तयार होणारा तो कडू, पिवळा-हिरवा रस, जठराच्या खाली ग्रहणीत उतरतो आणि निरोगी माणसात जठराकडे सहसा फिरकत नाही. बोमंट नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरला गोळी लागून पोटाला कायमचे भोक पडलेला एक रोगी मिळाला होता. त्या भोकातून त्याने कित्येक वर्षे जिवंत जठर डोळ्यांनी पाहिले आणि १८३३ सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले, की एरवी जठरात पित्त आढळत नाही.

बिलरॉथच्या दुसऱ्या वाटेत मात्र ग्रहणीचे वरचे तोंड शिवलेले असते. यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्या बंद गल्लीतून वाहत येतात, आणि पुढे जाताना त्यांना जठराच्या नव्या तोंडावरूनच जावे लागते. दार नाही, उंबरठा नाही. रोज, दर जेवणाला, वर्षानुवर्षे ते पित्त उरलेल्या जठरात चढते.

ऑपरेशननंतर दहाबारा वर्षांनी नाना पुन्हा म्हणू लागले, "पित्तानं जीव घेतला." सकाळी हिरवट, कडू पाण्याची उलटी होई. उलटीने आराम मात्र पडत नसे. आम्लाची उलटी झाली की माणसाला हलके वाटते, यांची जळजळ तशीच राही. घरात काय केले? सोडा दिला. गार दूध दिले. पुढे बाजारात आम्ल मारणाऱ्या गोळ्या आल्या त्या दिल्या. नानांच्या पोटात आम्ल आता फारसे उरलेच नव्हते! तेच काढून टाकण्यासाठी तर पोट कापले होते. ते बिचारे अक्षरशः खरे बोलत होते. त्यांना पित्तच झाले होते. पण गावात प्रत्येकालाच पित्त होते, तेव्हा त्यांच्या पित्ताकडे कोण लक्ष देणार?

पित्तातले क्षार साबणासारखे असतात. चरबी विरघळवणे हे त्यांचे कामच आहे. जठराच्या आतल्या अस्तराला ती धुलाई सोसत नाही. अस्तर सुजते, झिजते, आणि हळूहळू आपले रूप टाकून आतड्याच्या अस्तरासारखे होऊ लागते. दुसरीकडे आम्ल नसल्यामुळे एरवी जठरात मरणारे जंतू तेथे सुखाने राहतात, आणि अन्नपाण्यातल्या नायट्रेटपासून कर्करोगाला पोषक द्रव्ये बनवतात. जठराचा जो खालचा भाग काढला जातो त्यातून अस्तराला जोम देणारे एक संप्रेरक स्रवत असते, तेही जाते. ही तिन्ही कारणे एकत्र येतात. जपान आणि जर्मनीत उंदरांवर प्रयोग झाले. उंदरांना कर्करोगाचे कोणतेही रसायन न देता नुसते पित्त जठरात वळवले, तरी काही काळाने कित्येकांना जठराचा कर्करोग झाला. माणसातही तो पुष्कळदा उगवतो तो नव्या जोडाच्या शिवणीशीच.

हा धोका कोणाला दिसलाच नव्हता असेही नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या बाल्फर यांनी १९२२ सालीच अल्सरच्या ऑपरेशननंतर पुढे कर्करोग झालेल्या रोग्यांची नोंद केली होती. पण तेव्हा अशा गोष्टी योगायोगात जमा होत. खरी अडचण काळाची होती. ऑपरेशननंतरची पहिली पंधरा वर्षे धोका वाढलेला दिसत नाही. अल्सर ग्रहणीतला असेल तर उलट कमीच दिसतो. वीस वर्षांनंतर तो चढू लागतो. वीस वर्षांत सर्जन निवृत्त होतो, इस्पितळातले कागद रद्दीत जातात, आणि रोगी आपले पोट लोखंडाचे समजून असतो. चूक असेल तर ती शिकवायला कोणी जागेवर नसते. १९५७ साली हिर्शोविट्स यांनी लवचिक काचतंतूंची दुर्बीण पोटात उतरवली. ती इस्पितळोइस्पितळी पोहोचल्यावर ही उरलेली जठरे आतून दिसू लागली. मगच युरोपात आणि जपानात हजारो जुन्या रोग्यांचे हिशेब तपासले गेले.

हिशेब काय निघाला तेही नीट सांगितले पाहिजे, नाहीतर ऐन दिवाळीत कोणाची झोप उडवल्याचे पाप मला लागायचे. वीस वर्षांनंतर धोका सर्वसाधारण माणसाच्या दीडपट ते तिप्पट, असे निरनिराळ्या पाहण्यांचे आकडे आहेत; दुसऱ्या वाटेत पहिलीपेक्षा जास्त. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका पाहणीत, जी १९८३ साली प्रसिद्ध झाली, वाढ आढळलीच नाही. आणि दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, हेही पाहावे. मिझोराममध्ये जठराचा कर्करोग फार, चेन्नईकडे बराच, महाराष्ट्रात मात्र तो त्यामानाने कमी. हे आपण सांगू शकतो, कारण डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत १९६३ साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली आणि १९८७ साली बार्शीला खेड्यांसाठी. थोड्याची दुप्पट थोडीच. ऑपरेशन झालेल्या बहुतेकांना हा रोग झाला नाही. नानांना झाला.

तोडगा नव्हता का? होता, आणि जुना होता. लोझानच्या सेझार रू याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आतडे कापून इंग्रजी वाय या अक्षरासारखे जोडण्याची रीत काढली होती. तीत पित्ताचा प्रवाह हातभर खाली नेऊन सोडतात, म्हणजे ते जठरापर्यंत चढत नाही. पण मौज पाहा. पित्त जसे जाळते तसे ते आम्लाला शमवतेही. पित्त दूर नेले की नव्या जोडाशी आम्लाने व्रण पडत. म्हणून रूने स्वतःच ती रीत सोडून दिली. पुढे आम्ल आवरणारी औषधे आली आणि ती पुन्हा मानाने परतली. आज पित्ताने हैराण झालेल्या रोग्याची जुनी जोडणी मोडून रूच्या रीतीने करता येते. नानांच्या बाबतीत हे नाव आमच्या कानांवर कधी आले नाही.

१९८७ साली नानांचे जेवण तुटले. ठेचा नको, भाकरी नको. वजन उतरले, हिमोग्लोबिन उतरले. अशा रोग्यांत लोह आणि बी-बारा कमी पडतेच, त्यामुळे अशक्तपणाच्या इंजेक्शनांत आणखी चार महिने गेले. दुर्बिणीने पाहिले तेव्हा गाठ पसरली होती. त्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारले, "पूर्वीच्या ऑपरेशनचा कागद आहे?" वडील म्हणाले, "नाही." कागद माळ्यावर होता.

या कथेतला सर्वांत कडवट भाग अजून सांगायचाच आहे. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी वॉरेन आणि मार्शल या दोघांनी दाखवले, की बहुतेक अल्सरच्या मुळाशी एक मळसूत्री जंतू असतो. लोक हसले, तेव्हा १९८४ साली मार्शलने त्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तो अल्सर दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. मिरची निर्दोष सुटली. हाच जंतू जठराच्या कर्करोगालाही कारण होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली जाहीर केले. तेव्हा नानांच्या रोगात पित्ताचा वाटा किती आणि त्या जुन्या जंतूचा किती, हे आता कोण सांगणार? अल्सरसाठी जठर कापणे आज जवळपास थांबले आहे. पण बिलरॉथची वाट बुजलेली नाही. कर्करोगासाठी ती चालूच आहे, आणि लठ्ठपणा घटवण्यासाठी अमेरिकेतल्या रट्लेज यांनी १९९७ साली सुरू केलेल्या एका ऑपरेशनात पुन्हा आतड्याचा वळसा जठराला जोडतात. त्यात पित्त वर येते की नाही यावर सर्जनांचे वाद चालू आहेत. ते करून घेतलेल्या बहुतेकांची वीस वर्षे अजून भरायची आहेत.

आमच्या गल्लीत नानांचे एक धाकटे स्नेही आहेत, त्र्याऐंशी वर्षांचे. १९६८ साली त्यांचेही असेच ऑपरेशन झाले. कागद वगैरे काही नाही, वळ मात्र तसाच. यंदा गणपतीच्या सुमारास मी त्यांच्या मुलाला सारे समजावून सांगितले आणि आम्ही त्यांना जळगावला घेऊन गेलो. दुर्बीण घालताना ते फार कुरकुरले. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवले : अर्धेच जठर, लालबुंद अस्तर आणि तळाशी हिरव्या-पिवळ्या रसाचे डबके. शिवणीशी दोनतीन ठिकाणचे नमुने घेतले. आठ दिवसांनी निकाल आला : सूज आहे, कर्करोग नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दाखवायला सांगितले आहे.

परतताना गाडीत त्यांनी मला विचारले, "म्हणजे माझं पित्त खरं होतं म्हणायचं?"

मी म्हणालो, "अगदी खरं, आप्पा."

"मग पन्नास वर्षं तो सोडा कशाला पाजला रे मला?" असे म्हणून ते खिडकीबाहेर केळीच्या बागा पाहत बसले. सावदा मागे पडल्यावर त्यांनी सुनेला निरोप द्यायला सांगितले, की या दिवाळीला त्यांच्या ताटात अर्धीच करंजी वाढावी, पण वाढावी.